डावीकडचं झाकण

"अहो, पन्हळ आधी. पन्हळ झाली की नळ, मग खिडक्या. क्रम चुकवू नका," माई पलंगावरून म्हणाल्या.

"क्रम मला शिकवू नकोस," अण्णा म्हणाले. "चौतीस वर्षं लोकांच्या पानांचे क्रम मी लावले आहेत."

अण्णा छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे लोकांनी लिहायचं आणि अण्णांनी त्यातल्या चुका काढायच्या. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, पण हात काही स्वस्थ बसत नव्हता. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, भाजीवाल्याची पाटी, विजेच्या खांबावरची सूचना, जे दिसेल ते सुधारायचं. त्यापायी समोरच्या घड्याळजींशी त्यांचं वर्षभर बोलणं बंद होतं. घड्याळजींनी हौसेने नवी पाटी रंगवून घेतली होती, 'येथे घड्याळ दुरूस्ती होते', आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी अण्णा ब्लेडने त्यातला दीर्घ ऊकार खरवडताना सापडले होते. गल्ली त्यांना पाठीमागे 'अनुस्वार' म्हणायची. अण्णांना ते ठाऊक होतं. नावाचं त्यांना काही नव्हतं. लोक उच्चार 'अनुसार' असा करतात, एवढंच खुपायचं.

घर थंडीसाठी तयार करण्याचं काम दर वर्षी माईंचं असायचं. अण्णा तेवढा वेळ वर्तमानपत्र घेऊन आत बसायचे आणि सगळं झालं की बाहेर येऊन 'त्यात काय एवढं' म्हणायचे. या वर्षी मात्र माई पातळ पडदे काढून जाड लावायला स्टुलावर चढल्या आणि स्टूल कलंडलं. पाय मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. डॉक्टरांनी बजावलं होतं, की पायाला गार वारा लागू देऊ नका, ठणका लागेल. आणि आज सकाळी रेडिओने सांगितलं, की रात्री पारा शून्याच्या सहा अंश खाली जाणार.

म्हणून माईंचा पलंग पुढच्या खोलीत, खिडकीला लावला होता. तिथून अख्खं अंगण दिसायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं अण्णा मनात म्हणाले आणि शिडीवर चढले.

पन्हळीत वर्षभराचा पालापाचोळा कुजून त्याचा गाळ झाला होता. अण्णांनी तो मुठीमुठीने खाली फेकला. निम्मा जमिनीवर पडला, निम्मा परत त्यांच्याच डोक्यावर. खाली उतरले तेव्हा त्यांच्या कानामागे एक अख्खं पान चिकटलेलं होतं, पण ते काढायला त्यांना सवड नव्हती. अकरा वाजत आले होते आणि खिडक्यांच्या फटी तशाच होत्या, लाकडं ओट्यावर आणायची होती, लिंबाच्या झाडाला पोतं गुंडाळायचं होतं.

"आता नळ," खिडकीतून आवाज आला. "भिंतीजवळ दोन लोखंडी झाकणं आहेत बघा. डावीकडचं उघडा. आत चाक आहे, ते फिरवून बंद करा. मग अंगणातला नळ पूर्ण सोडून ठेवा, पाइपातलं पाणी निथळून जाऊ दे. पाणी आत राहिलं तर गोठतं, आणि गोठलं की पाइप फुटतो."

"डावीकडचं. कळलं."

"मी गोळी घेतलीये. डोळा लागला तर उठवू नका."

आता माई खिडकीतून अंगणाकडे तोंड करून बसल्या होत्या आणि अण्णा अंगणातून खिडकीकडे तोंड करून उभे होते. एवढं लक्षात घेतलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. अण्णांनी स्वतःच्या डावीकडचं झाकण उचललं.

ती आठ घरांची रांग एका उतारावर होती आणि अण्णांचं घर सगळ्यात खाली. मोठ्या रस्त्याचं पाणी अण्णांच्या अंगणाच्या कोपऱ्यातून आत यायचं आणि तिथून चढत चढत वरच्या सात घरांना जायचं. माईंच्या डावीकडच्या झाकणाखाली अंगणातल्या नळाचा छोटा व्हॉल्व्ह होता. अण्णांच्या डावीकडच्या झाकणाखाली होता तो आठही घरांचा. त्याला पंधरा वर्षांत कोणी हात लावला नव्हता. तो तिथे आहे हेही माईंखेरीज गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं.

चाक हलेना. अण्णांनी दोन हातांनी जोर लावला, तरी ते जागचं ढळेना. मग त्यांनी शिवणयंत्राचं तेल आणून ओतलं. मग पाना आणला. पाना निसटून बोटाला लागला, तेव्हा ते चिडले आणि हातोडी घेऊन आले. "ठण्! ठण्! ठण्!" अर्धा तास ते ठोकत होते. शेवटी कर्र कर्र करत चाक एकदाचं फिरायला लागलं. अण्णांना असा हुरूप आला, की चाक थांबलं तरी ते थांबले नाहीत. अजून थोडं, अजून थोडं, पक्कं बसायला हवं... आणि 'कट्' असा आवाज झाला.

चाक अण्णांच्या हातात आलं.

त्यांनी चाकाकडे पाहिलं, मग खड्ड्यात पाहिलं. दांडा मुळातून तुटला होता.

"झालं का हो बंद?" माईंचा पेंगुळलेला आवाज आला.

"झालं!"

"नीट?"

"अगदी पक्कं. आता कोणाच्या बापाला उघडायचं नाही," अण्णा म्हणाले. ते अक्षरशः खरं होतं.

चाक कोटाच्या खिशात टाकून त्यांनी झाकण लावलं आणि अंगणातला नळ सोडला. पाणी धो धो वाहायला लागलं. अण्णा कौतुकाने बघत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पाऊण तास झाला तरी धार आटेना. पाणी फाटकाखालून रस्त्याकडेच्या गटारात पळत होतं. "बघ, केवढं पाणी साठलं होतं आपल्या पाइपात!" ते खिडकीकडे वळून म्हणाले. पण माई घोरत होत्या. अण्णांना मनापासून वाटलं, की एवढी वर्षं हे काम बाईमाणसाने अर्धवटच केलं असणार.

धार बारीक होऊन थेंब थेंब पडायला लागले, तेव्हा वरच्या अंगाने पहिली हाक आली.

"अण्णा! ओ अण्णा! तुमच्याकडे पाणी आहे का हो?"

तात्या होते. वरून चौथ्या घरातले, बँकेतून निवृत्त झालेले. बासष्टाव्या वर्षी तात्यांचे केस कोळशासारखे काळे होते आणि 'आमच्या घराण्यातच आहे ते' असं ते सगळ्यांना सांगत. आज त्यांनी डोक्याला टॉवेल गच्च आवळला होता आणि टॉवेलाखालून घराणं कपाळावर ओघळत होतं.

"पाणी?" अण्णा म्हणाले.

"अचानक गेलं! मी... मी डोकं धुवत होतो. म्हणजे नुसतंच धुवत होतो." तात्यांनी टॉवेलाच्या टोकाने काळा ओघळ पुसला, तो गालभर पसरला. "दहा मिनिटांत धुवायला हवं, असं पाकिटावर लिहि... असं डॉक्टर म्हणतात."

अण्णांनी आत जाऊन स्वयंपाकघरातला नळ फिरवून पाहिला. नळाने एकदा उचकी दिली आणि तो गप्प झाला. ते तसेच अंगणात आले, खिडकीला पाठ करून माईंसारखे उभे राहिले आणि त्यांनी आपला डावा हात वर केला. मग उजवा. मग दोन्ही खाली सोडले.

आता खरं म्हणजे फार अवघड नव्हतं. 'तात्या, माझ्या हातून चूक झाली' एवढंच म्हणायचं होतं. पण चौतीस वर्षं ज्याने फक्त दुसऱ्यांच्या चुकांना लाल शाई लावली, त्याच्या तोंडात हे वाक्य बसेना. पहिल्या दोन शब्दांनंतर गाडी अडकली.

"तात्या, माझ्या..."

"काय?"

"माझ्याकडेही नाही."

तेवढ्यात वरून डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांचा दातांचा दवाखाना घरातच होता. हातात रबरी मोजे, आणि मागोमाग एक पेशंट, तोंडात कापसाचे बोळे, गळ्यात कागदी लाळेरं.

"कोणी बंद केलं पाणी? ह्यांचं दात कोरणं अर्ध्यावर आलंय! आता तोंड धुवायचं कशाने?"

"आं आं ऊं!" पेशंट कळवळून म्हणाला.

"हो हो, करते काहीतरी. बोलू नका."

हळूहळू सगळी रांग अण्णांच्या फाटकाशी जमली. एकीचं धुण्याचं यंत्र साबणाच्या पाण्यासकट थांबलं होतं. दुसऱ्याचा भात चढवायचा राहिला होता. डॉक्टरीणबाईंनी प्लंबरला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्या आवाजावर टाकला.

"बाई, आज अख्ख्या गावाला एकदम थंडी आठवलीये," प्लंबर म्हणाला. "माझ्या एका हातात एकाचा गीझर आहे अन् दुसऱ्या हातात दुसऱ्याचा नळ. उद्या सकाळी दहाला येतो."

"उद्या? अहो, माझ्या पेशंटचं तोंड उघडं आहे!"

"मग मिटायला सांगा," प्लंबर म्हणाला आणि फोन ठेवला.

"कोणीतरी मुद्दाम केलंय हे," तात्या ओरडले. त्यांचा एक कान आता पूर्ण काळा झाला होता. "सकाळी ठोकल्याचा आवाज आला का कोणाला? ठण् ठण् करून? मी ऐकला!"

"मी पण ऐकला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अण्णा, तुम्ही बाहेरच होतात ना? तुम्हाला नाही आला?"

अण्णांचा हात आपोआप कोटाच्या खिशावर गेला. चाकाच्या वजनाने कोट एका बाजूला असा ओढला गेला होता, की ते तिरपे उभे आहेत असं वाटत होतं.

"आला... आला तर. ठोकल्यासारखाच."

"कुठून आला?"

आता अण्णांनी कोणाचं नाव घेतलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांनी फक्त मान वर केली आणि समोरच्या घराच्या माडीवर नजर टाकली. वाक्य त्यांनी लिहिलं नाही. शेवटी प्रश्नचिन्ह तेवढं टाकलं.

माडीच्या खिडकीत घड्याळजी बसले होते. एका डोळ्याला भिंग लावून कुठल्यातरी घड्याळाचं पोट उघडून. दिवसभर ते तिथेच बसायचे.

"अरे हो!" तात्या म्हणाले. "हा माणूस सारखं काही ना काही खोलत असतो. मागे त्याने रस्त्यावरचा दिवा खोलला होता!"

"तो त्यांनी दुरुस्त केला होता," अण्णा क्षीण आवाजात म्हणाले. पण गर्दी तोवर रस्ता ओलांडून गेली होती.

"ओ घड्याळजी! पाण्याच्या लाइनीला तुम्ही हात लावलात का?"

"लाज वाटत नाही? शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही?"

"आं ऊं आं!" पेशंटही सामील झाला. त्याला काय म्हणायचं होतं ते कळलं नाही, पण भावना पोचल्या.

घड्याळजी सत्तरीचे, एकटे, मितभाषी. त्यांनी शांतपणे भिंग काढलं. खालच्या सगळ्यांकडे पाहिलं. मग सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट अण्णांकडे पाहिलं. बराच वेळ. अण्णांनी लिंबाच्या झाडाकडे पाहिलं.

"असेल," घड्याळजी म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

"बघा! कबूल केलं!" तात्या गरजले.

त्यानंतरची दुपार अण्णांनी कशी काढली ते त्यांचं त्यांना ठाऊक. गल्लीतले लोक बादल्या घेऊन मागच्या गल्लीत पाणी मागायला गेले. मागच्या गल्लीने पाणी दिलं, पण 'आमच्याकडे बाई भरपूर आहे' असं प्रत्येक बादलीमागे ऐकवून दिलं. येता-जाता प्रत्येक जण घड्याळजींच्या दाराशी थांबून दोन शब्द बोलत होता, आणि ते दोन शब्द दर खेपेला वाढत होते. तात्या शेवटी मागच्या गल्लीतल्या नळाखाली डोकं घालून आले. पण उशीर झाला होता. केस काळे झालेच, शिवाय कपाळ आणि दोन्ही कानही घराण्यात सामील झाले.

अण्णांना एका जागी बसवेना. हात चालू राहिले तर डोकं बंद राहील, या आशेने त्यांनी कामांचा सपाटा लावला. खिडक्यांच्या फटीत कापूस कोंबला, वरून चिकटपट्टी मारली. मग एक खिडकी उघडीच राहिली होती असं लक्षात आलं म्हणून पट्टी फाडून ती लावली आणि पुन्हा पट्टी मारली. लिंबाच्या झाडाला पोतं गुंडाळलं, सोडलं, उलटं गुंडाळलं. मध्येच कोणी नाहीसं पाहून झाकण उघडलं आणि चाक दांड्याला सुतळीने बांधून पाहिलं. ते फिरलं, पण एकटंच. मग डिंक लावला. डिंकाने अण्णांची बोटं एकमेकांना चिकटली, चाक मोकळंच राहिलं. शेवटी त्यांनी जळणाची लाकडं ओट्यावर न रचता त्या झाकणावर रचायला सुरुवात केली. कमरेएवढी रास झाली तरी थांबेनात.

"लाकडं तिथे का?" खिडकीतून आवाज आला. माई जाग्या झाल्या होत्या.

"हवेशीर राहतील."

"अहो, तिथे तर झाकणं आहेत." माई कोपरावर टेकून उठल्या. "थांबा. तुम्ही कुठलं उघडलं होतं?"

"डावीकडचं."

"कोणाच्या?"

ते आत आले, पलंगाच्या काठावर बसले आणि त्यांनी खिशातून चाक काढून माईंच्या पांघरुणावर ठेवलं. मग सगळं सांगितलं. ठोकाठोक, तात्यांचा कान, डॉक्टरीणबाईंचा पेशंट, आणि सगळ्यात शेवटी, अगदी हळू आवाजात, माडीवर टाकलेली नजर.

पेशंटपर्यंत माई हसू दाबत होत्या. माडीपर्यंत आल्यावर त्यांचं हसू गेलं.

"चाक मोडलंत ते ठीक. त्या माणसाचं नाव कशाला घातलंत मध्ये?"

"नाव नाही घेतलं मी."

"अहो, बोट न दाखवता दाखवलंत, ते जास्त वाईट." माईंनी चाक उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "माझं हाड महिन्याभरात जुळेल. शेजार मोडला तर त्याला प्लास्टर घालता येत नाही. उद्या सकाळी सगळ्यांना गोळा करा आणि सांगा."

"सगळ्यांना?"

"शिव्या त्यांनी एकांतात खाल्ल्या का?"

रात्री अण्णांना झोप आली नाही. कबुलीचं वाक्य त्यांनी मनात वीस वेळा तपासलं. 'माझ्याकडून व्हॉल्व्ह तुटला' यात व्हॉल्व्हवर ढकलल्यासारखं वाटत होतं. 'मी तोडला' यात मुद्दाम तोडल्यासारखं. अखेर 'मी तोडला' कायम केलं. खिडक्या मात्र चांगल्या बसल्या होत्या. बाहेर कडाका वाढत गेला, पण माईंच्या पायाला वारा लागला नाही आणि त्या गाढ झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास अण्णा कोट घालून, चाक खिशात टाकून बाहेर पडले. घसा खाकरून फाटकाशी येतात तो काय, सगळी गल्ली घड्याळजींच्या दारात. एका रात्रीत प्रकरण हातघाईवर आलं की काय! ते जवळजवळ धावतच रस्ता ओलांडून गेले.

"थांबा! त्यांना काही करू नका!"

"काही करू नका काय?" डॉक्टरीणबाई हसत वळल्या. "अहो अण्णा, या माणसाने आपल्याला वाचवलं! तुम्ही मागची गल्ली बघितलीत का?"

मागच्या गल्लीत हाहाकार उडाला होता. रात्री पाइपांतलं पाणी गोठलं आणि पहाटे एकामागून एक पाइप फुटले. कोणाच्या मोरीत कारंजं, कोणाच्या जिन्यावर बर्फ, एकाची तर गादीच खोलीतून तरंगत निघाली होती. त्यापुढच्या गल्लीत तेच. सगळ्या वस्तीत एकच रांग कोरडी ठणठणीत होती, कारण तिच्या पाइपांत गोठायला थेंबसुद्धा नव्हता.

"लांबचं बघणारा माणूस!" तात्या म्हणाले. त्यांनी कानटोपी पार भुवयांपर्यंत ओढली होती. "आणि आम्ही त्यांना नाही नाही ते बोललो. पण एका शब्दाने उलट बोलले नाहीत. 'असेल' म्हणाले फक्त. याला म्हणतात मोठेपणा!"

घड्याळजी पायरीवर उभे होते. एक हात पाठीमागे, मान किंचित कललेली. त्यांनी 'हो'ही म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही.

अण्णांची मोठी विचित्र अवस्था झाली. रात्रभर त्यांनी कबुलीसाठी धीर गोळा केला होता, आणि आता धीराची गरजच उरली नव्हती. उलट, काल जे तोंडातून निघत नव्हतं, ते आज बाहेर पडायला धडपडत होतं.

"मी तोडला," ते म्हणाले.

कोणी लक्ष दिलं नाही.

"अहो, मी तोडला! व्हॉल्व्ह! काल सकाळी. ते ठण् ठण् माझंच होतं. हे बघा चाक!" त्यांनी खिशातून चाक काढून उंच धरलं.

तात्यांनी त्यांच्याकडे फार दयेने पाहिलं.

"अण्णा, काल तर 'माझ्याकडेही नाही' म्हणालात."

"नव्हतंच! पण ते मीच..."

"आणि ठोकल्याचा आवाज वरून आला असं तुम्हीच दाखवलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"खोटं दाखवलं! आता खरं बोलतोय!"

"असू दे, असू दे," कोणीतरी मागून पुटपुटलं. "दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही काही लोकांना. ती पाटी आठवते ना?"

एवढ्यात प्लंबर आला. सगळा लवाजमा अण्णांच्या अंगणात शिरला. लाकडांची रास हटवायला चार जण लागले. प्लंबरने झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं आणि शीळ घातली.

"जाम झालेला व्हॉल्व्ह होता हा. बंद करणारा कोणी लेचापेचा नसणार. अन् बंद करून सगळ्यात खालचा नळ उघडा सोडलाय, म्हणजे आठ घरांची लाइन निथळली. ही अक्कल माझ्यासुद्धा डोक्यात आली नसती. कोण हो तो?"

"हे!" सगळ्यांनी घड्याळजींना पुढे ढकललं.

"पण हे माझं अंगण आहे!" अण्णा ओरडले. "ते माझ्या अंगणात येतील कसे?"

"तेच तर," तात्या भारावून म्हणाले. "तुमचं-त्यांचं बोलणं नाही. तरी गल्लीसाठी तुमच्या अंगणात आले. गुपचूप. वरून लाकडंही रचून ठेवली, कोणाला कळू नये म्हणून."

अण्णांनी शेवटचा उपाय म्हणून खिडकीकडे हात केला. "माई, तू तरी सांग!"

"ह्यांनीच केलंय ते," माई खिडकीतून म्हणाल्या. "मी साक्षीदार आहे."

सगळे हसले. "माई, तुम्ही नवऱ्याची बाजू घेणारच!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही तर काल झोपला होतात."

तासाभरात नवा व्हॉल्व्ह बसला, नवं लाल चाक लागलं. पाण्याने सगळ्या घरांत उचक्या दिल्या आणि ते वाहू लागलं. दर थंडीत अशीच लाइन रिकामी करायची आणि ते काम घड्याळजींकडेच ठेवायचं, असं एकमताने ठरवून लोक पांगले. अंगणात अण्णा उरले, हातात गंजकं चाक घेऊन. आणि घड्याळजी उरले.

वर्षभरात दोघं एवढ्या जवळ उभे राहिले नव्हते.

"काल मी सगळं बघत होतो," घड्याळजी हळू म्हणाले. "तुम्ही हातोडी घेऊन आलात तेव्हापासून."

अण्णांचे कान गरम झाले. "मग बोलला का नाहीत?"

"माई आत पाय मोडून झोपलेल्या. आठ घरांनी तुमच्या दारात येऊन तमाशा केला असता. म्हटलं, माझ्या दारात होऊ दे. माझ्याकडे कोण झोपलंय?"

अण्णांनी चाक या हातातून त्या हातात घेतलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. हे वाक्य कुठेही न अडकता बाहेर आलं, याचं त्यांनाच नवल वाटलं. मग जरा वेळाने ते म्हणाले, "पण मग आज तरी त्यांना खरं सांगायचंत."

"आज?" घड्याळजींनी भुवया उंचावल्या. "वा! काल शिव्या खायला मी, आणि आज कौतुक खायला तुम्ही?"

अण्णांनी वाकून नव्या लाल चाकावरचा डाग बाहीने पुसला. घड्याळजी जायला वळले, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. आजूबाजूला कोणी नाही ना, हे त्यांनी दोनदा पाहून घेतलं.

"एक अडचण आहे. दर वर्षी हे मीच करायचं असं ठरवून बसलेत सगळे. मला घड्याळाच्या पलीकडचं ओ की ठो कळत नाही. हे चाक नेमकं फिरवायचं कसं, तेवढं शिकवून ठेवा."

"त्यात काय एवढं," अण्णा म्हणाले. त्यांनी गंभीरपणे घसा खाकरला. "तुटेपर्यंत फिरवायचं."